डावा तळहात

दुष्काळ सरला त्या वर्षी माझ्या उजव्या छातीत गाठ निघाली. डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत, ह्यांच्याशी इंग्रजीत बोलले; पण त्यातला ‘कॅन्सर’ हा शब्द मला कळला आणि कान जे बधिर झाले ते घर येईपर्यंत उघडले नाहीत. टांग्यात हे काहीतरी समजावत होते. घरी जाऊन मी भात लावला, पाणी घालायचंच विसरले. करपल्याचा वास गल्लीभर गेला तरी मी तशीच चुलीसमोर बसून होते. रडू येत नव्हतं. रोज शिवपूजा करणाऱ्या बाईला हे व्हावंच कसं, एवढंच डोक्यात घुमत होतं. सिद्धेश्वरावर मी चक्क रुसले होते.

खरा धक्का पुढे बसला. ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर म्हणाल्या, अंगावरचं सगळं काढून द्या. बांगड्या काढल्या, मंगळसूत्र ह्यांच्या हाती दिलं. मग सिस्टरांनी माझ्या गळ्यातल्या इष्टलिंगाकडे बोट दाखवलं. आम्हा लिंगायतांत लहानपणी गळ्यात बांधलेलं लिंग मरेपर्यंत अंगावेगळं करत नाहीत. ते गेलं तर जीव गेला, असं आईनं शिकवलेलं. “मला ऑपरेशन नको,” मी म्हणाले. ह्यांनी विनवण्या केल्या, मग चिडले, शेवटी डोळे पुसत बाहेर जाऊन उभे राहिले. सिस्टर म्हणाल्या, “बाई, गाठ थांबायची नाही तुमच्यासाठी. डॉक्टर दहाला येतील, तोवर ठरवा.” मी पिशवी भरायला घेतली. मरेन, पण लिंग गळ्यात घालून मरेन. हट्टीपणात माझा हात कुणी धरला नव्हता.

शेजारच्या खाटेवर राजक्का होती. विड्या वळणारी, तेलुगू बोलणारी बाई. आठ दिवसांपूर्वी तिचं हेच ऑपरेशन झालं होतं. दवाखान्यातल्या चार दिवसांत मी तिच्याशी धड बोललेही नव्हते. खरं सांगायचं तर, तिच्या कपड्यांना येणाऱ्या तंबाखूच्या वासामुळे मी तोंड फिरवून झोपत असे. ती हळूहळू उठून आली आणि सरळ माझ्या पिशवीवर बसली.

“पूजा कुटं करती तू रोज?”

“तळहातावर,” मी वैतागून म्हणाले. डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा करायची आमची रीत आहे.

“मग आजबी तितंच ऱ्हाऊ दे की! कापायचं हाय ते हिकडं, उजवीकडं.”

इतकी वर्षं रोज सकाळी करते ती गोष्ट, आणि ती मला ह्या बाईनं सांगावी? सिस्टर आधी नाहीच म्हणाल्या. मग राजक्का त्यांच्या अशी मागे लागली की त्या डॉक्टरांना विचारून आल्या. लिंगाची चांदीची डबी ह्यांच्याकडे दिली. लिंग मी स्वतः औषधाच्या पाण्यानं पुसलं, तळहातावर घेतलं, आणि सिस्टरांनी वरून पट्टी बांधली. मग मला गाडीवर झोपवून आत नेलं.

शुद्ध आली तेव्हा दुपार कलली होती. आधी डावा हात चाचपला. पट्टी होती तशी होती. मान वळवली तर राजक्का खाटेवर बसलेली, डावी मूठ छातीशी आवळून. पुढ्यातलं जेवणाचं ताट तसंच.

“हाताला काय झालं, अक्का?”

“काय न्हाय. झोपेत मूठ ढिली पडती मानसाची. तू झोपली होतीस, म्हणून मी धरली.”

“पण पट्टी होती की!”

“पट्टीचं काय सांगावं?” म्हणत तिनं मूठ उघडली. आत काहीच नव्हतं. तळव्यावर नखांचे वण उठले होते.

ह्याला बरीच वर्षं झाली. मी वाचले. देवानं वाचवलं की डॉक्टरांनी, हा वाद मी घालत नाही. देवाला मीच घट्ट धरून ठेवलंय, असा माझा समज होता. त्या दिवशी तर मला शुद्धच नव्हती, आणि तरी कुणीतरी मला सोडलं नव्हतं. ते आठवलं की अजून हात आपोआप जोडले जातात.

त्या दुपारी मात्र तिच्या पायांना हात लावावा म्हणून उठू पाहिलं, तर ती केवढ्यांदा तरी खेकसली, “पड की गप! टाके तुटत्याल.”

मी गप पडून राहिले.