तिसऱ्या पिंपापाशी

चूक कोरीनचीच होती. हे कोरीनसुद्धा नाकारत नाही. फक्त ती ते मोठ्याने म्हणत नाही, कारण ते काम गावातले बाकीचे आठशे लोक आवडीने करतात.

मार्चमधला शेवटचा रविवार होता. गार्नेटच्या पत्र्याच्या शेडमध्ये हिवाळी शर्यतींचा समारोप चालला होता. पिंपांच्या शर्यतीत भानगड काही नाही. रिंगणात तीन पिंपं, घोड्याने तिन्हींना वळसा घालून दाराशी परत यायचं, घड्याळ चालूच. पिंप डुगडुगलं तर चालतं, स्वाराने हाताने सावरलं तरी चालतं. आडवं झालं की मात्र वेळेत पाच सेकंदांची भर. त्या दिवशी सदुसष्ट वर्षांची मर्ना तिच्या बिस्किट नावाच्या घोडीवर अशी काही सुटली होती, की दुसऱ्या पिंपानंतर लोकांनी हातातली कॉफी खाली ठेवली. तिसऱ्या पिंपापाशी कठड्याला टेकून कोरीन उभी होती. नवऱ्याने वाढदिवसाला दिलेला कोरा फ्लॅश तिने कॅमेऱ्यावर चढवला होता. तिने बटण दाबलं आणि शेडमध्ये वीज पडली. बिस्किट अंगभर दचकली, मागचा पाय फाकला, पिंप आडवं. अठरा पूर्णांक दोनचे तेवीस पूर्णांक दोन झाले. हंगामाचं बक्षीस, कमरपट्ट्याचं चांदीचं बक्कल, शेजारगावच्या एका मुलीने नेलं, जिच्या दातांना अजून तार होती.

बरं, एवढं करून फोटोत काय आलं? धूळ. कुणी पिठाचं पोतं फोडावं तशी पांढरी धूळ, आणि मधोमध दोन हिरवे डोळे.

मर्ना म्हणजे कोरीनच्या नवऱ्याची, ओरेस्टची, थोरली बहीण. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती घोडीवरून उतरली, लगाम हातात घेऊन कठड्यापाशी आली आणि म्हणाली, "माझे पाच सेकंद तुझ्याकडे आहेत." त्यानंतर दहा महिने ती भावजयीशी एक शब्द बोलली नाही.

आता नणंद-भावजयीचा अबोला जगात नवा नाही. पण कोरीन शाळेची बस चालवते. सव्वीस वर्षं, चौदा नंबरची बस, आणि तिची बस उलटी फिरते ती मर्नाच्या फाटकाशी. म्हणजे दिवसातून दोनदा कोरीन चाळीस फूट लांबीची पिवळी गाडी मर्नाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर पुढे-मागे करायची, आणि खिडकीतला पडदा हलायचा सुद्धा नाही.

कोरीनच्या फोटोंचा तोवर गावात लौकिक होता, असं म्हणायला हरकत नाही. अकरा हिवाळे ती शेडमध्ये फोटो काढत होती आणि अकरा हिवाळे ते कॅन्टीनच्या भिंतीवर चिकटत होते. शेडमधले दिवे पिवळे, अर्धे गेलेले, घोडे पळणारे. फोटोत यायचे ते डाग. तपकिरी डाग म्हणजे गार्नेटचा घोडा, काळा डाग म्हणजे डॉक्टरीणबाईंचा. एकदा मर्ना एका फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली आणि तिने विचारलं होतं, की ही माझी घोडी आहे की कुणाची कॉफी सांडलीय. सगळं कॅन्टीन हसलं होतं, कोरीन सगळ्यांत जास्त. अबोला सुरू झाल्यावर तिला कळलं, की फोटोंवर बोलणारं दुसरं कुणी नव्हतंच.

एप्रिलमध्ये गार्नेटने शेडच्या दारावर पाटी लावली: आत कॅमेरा आणू नये. खाली कुणीतरी पेन्सिलने लिहिलं, 'कोरीनने'.

मग सल्ले आले. सल्ल्यांना कधी दुष्काळ नसतो. गार्नेट म्हणाला, अंधारात पळता घोडा टिपायचा तर मोठ्या तोंडाची लेन्स लागते आणि तिला जुन्या ट्रकएवढे पैसे पडतात. कॅन्टीनवाली म्हणाली, उन्हाळ्यात बाहेर काढत जा, तेव्हा माझ्या नातवालासुद्धा येतात. ओरेस्ट बिचारा म्हणाला, की रविवारी जरा झोप काढलीस तर काय बिघडेल. त्याला उत्तर मिळालं, की अकरा वर्षं मी तिथे उभी राहिले ती झोप येत नाही म्हणून नव्हे. उजेड कमी असेल तर दिव्यांनी लाजावं, ती घरी बसणार नव्हती.

अडचण तिला नीट माहीत होती. अंधुक उजेडात कॅमेऱ्याचं आतलं झाकण, म्हणजे शटर, जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. सेकंदाचा साठावा भाग तरी. ऐकायला एवढासा वाटतो, पण तेवढ्यात पळता घोडा जवळजवळ वीतभर पुढे गेलेला असतो आणि फोटोत ती वीत सांडते. घोडा काही थांबणार नाही. म्हणजे कॅमेऱ्याने घोड्याबरोबर जायला हवं, त्याच वेगाने, हिसका न देता. हे कुणाकडून शिकायचं, याचा तिने आठवडाभर विचार केला. नंतर तिच्या लक्षात आलं, की ती हे नऊ वर्षांची असतानाच शिकली होती. तळ्यावर, गवतात बसून, वडिलांच्या शेजारी. रानबदक उडालं की बंदूक त्याच्यामागून न्यायची, त्याच्यापुढे काढायची आणि चाप ओढल्यावरही फिरतीच ठेवायची. वडील दर वेळी तेच सांगायचे, "बंदूक थांबली की बदक वाचलं."

तर मे महिन्यापासून गावाबाहेरच्या हमरस्त्यावर, दुपारची मुलं पोचवून झाली की, कोरीन खांद्याला कॅमेरा लावून उभी राहू लागली. धावत्या गाड्यांवर हात बसवायचा, हा बेत. बेत चांगला होता. फक्त लांबून ती पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या बाईसारखी दिसायची. शंभरने येणारी गाडी तिला पाहिली की साठवर यायची, साठची चाळीसवर, आणि आतला माणूस पट्टा लावत शहाण्या मुलासारखा समोर बघत निघून जायचा. पंधरा दिवसांत तो रस्ता कॅनडाच्या अख्ख्या अल्बर्टा प्रांतातला सर्वांत सभ्य रस्ता झाला आणि कोरीनच्या कामाचा उरला नाही. शेवटी खराखुरा पोलीस आला. पोरगेलासा होता. तिने त्याला सगळं सांगितलं आणि वर विनंती केली, की तू तरी जरा जोरात जा. हे नियमात बसत नाही, असं म्हणत तो तीनदा गेला.

घरातही तेच. झाडू खांद्याला लावून ती स्वयंपाकघरात कमरेतून फिरायची आणि ओरेस्ट डोकं खाली घालून फ्रीजपर्यंत जायचा. पाय घोडा येतो तिकडे रोवायचे नाहीत, फोटो जिथे घ्यायचा तिकडे रोवायचे. कोपरं बरगड्यांना चिकटवायची. श्वास सोडता सोडता बटण दाबायचं, आणि दाबलं तरी थांबायचं नाही. पहिल्या हजार फोटोंत कामाचे निघाले चार. त्यांतल्या दोनांत कुत्रा होता. पानगळीपर्यंत शंभरात सहा निघू लागले.

मग डिसेंबरात ओरेस्टने बातमी आणली. बिस्किट एकवीस वर्षांची झाली होती आणि मागच्या पायाचा सांधा सुजला होता. जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं, की जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी एकदा पळवा, पुढे नको. हे सांगून ओरेस्ट थोडा वेळ बुटाच्या नाड्यांशी खेळत बसला. मग म्हणाला, मर्नाने गेल्या मार्चमध्ये स्वयंपाकघरात एक खिळा ठोकला होता, घोडीच्या फोटोसाठी. खिळा अजून तसाच आहे. टांगायला काही नाही, आणि ती तो काढतही नाही.

अकरा वर्षं ती घोडी कोरीनच्या समोरून पळाली होती, आणि ज्यात तिचा डोळा नीट दिसेल असा एकही फोटो कोरीनकडे नव्हता. उरली होती एक फेरी. अठरा-वीस सेकंद.

सहा जानेवारीला, म्हणजे जुन्या युक्रेनी पंचांगाप्रमाणे नाताळच्या आदल्या संध्याकाळी, सगळे एका टेबलावर जेवले, कारण तशीच रीत आहे. मधात शिजवलेल्या गव्हाचं भांडं मर्नाने भावाला दिलं, भावाने बायकोला दिलं, बायकोने भावाला परत दिलं. ओरेस्टच्या वाट्याला त्या वर्षी फार गहू आले.

दुसऱ्या दिवशी कोरीन गार्नेटकडे गेली. एक फोटो त्याच्यापुढे ठेवला. हमरस्त्यावर भरधाव जाणारा त्याचाच ट्रक. मागचं शेत पुसून काढल्यासारखं, नुसते पट्टे, आणि ट्रक मात्र असा लख्ख की पाटीचा नंबर वाचता यावा. गार्नेटने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"यात मी पट्टा लावलेला नाही," तो म्हणाला.

"नाहीच लावलेला."

त्याने फोटो खिशात घातला आणि सौदा झाला. एक रविवार. फ्लॅश त्याच्या गल्ल्यात कुलुपात राहील. एका घोड्याने कान जरी टवकारला, तर कोरीन जन्मभर कॅन्टीनमध्ये पायरोगींसाठी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांसाठी, कांदा परतेल.

त्या रविवारी बाहेर उणे एकतीस होतं. कोरीन सकाळपासून कॅन्टीनच्या दाराकडे फिरकली नाही, कारण थंड कॅमेरा उबेत नेला की काचेवर दव धरतं आणि तासभर सगळं जग दुधात बुडतं. कॅमेरा थंडीत, बॅटरी काखेत, अशी ती तिसऱ्या पिंपापाशी जाऊन उभी राहिली. तिथला वरचा दिवा दोन हिवाळ्यांपूर्वी गेला होता आणि गार्नेट तो 'या आठवड्यात' बदलणार होता. सगळ्यांनी सांगून पाहिलं, की अगं, पहिल्या पिंपाशी उभी राहा, तिथे उजेड आहे. पण पहिल्या पिंपावर घोडा सुसाट येतो. तिसऱ्यावर तो पार दुमडतो, आणि वळताना पापणी लवेल इतका वेळ जवळजवळ थांबतो. अंधारातलं ते थांबणं उजेडातल्या धावण्यापेक्षा कामाचं. हे तिने कुणाला समजावलं नाही. शिवाय गेल्या वर्षी ती तिथेच उभी होती.

पाच घोडे धावले. एकाचाही कान हलला नाही. मग मर्नाचं नाव पुकारलं.

दाराशी गार्नेट मर्नाजवळ गेला आणि तिसऱ्या पिंपाकडे मान हलवून त्याने विचारलं, की तिला हटवू का. मर्नाने हातमोजा दातांनी काढून खिशात कोंबला.

"राहू दे तिथेच," ती म्हणाली. "दुसरीकडे गेली तर पळाली असं होईल."

बिस्किट सुटली. पहिलं पिंप झालं, दुसरं झालं. कोरीनने पाय रोवले, कंबर मागे वळवली आणि घोडीचा डोळा काचेत धरला. फक्त डोळा. श्वास सोडत ती घोडीबरोबर उलगडत आली. वळणावर त्या सुजल्या पायाने दगा दिला. बिस्किट कलली, मर्नाचा गुडघा पिंपावर आदळला आणि पिंप झुकलं. कोरीनचं बोट दाबलेलंच होतं. तिचे खांदे थांबले नाहीत. बंदूक थांबली की बदक वाचलं. ती दारापर्यंत घोडीबरोबर फिरत गेली आणि मगच तिने कॅमेरा खाली घेतला.

पिंप उभं होतं. घड्याळात एकोणीस पूर्णांक नऊ. मर्ना सहावी आली, बक्कल त्याच तारवाल्या मुलीने नेलं, आणि मर्नाने घोडीचं खोगीर स्वतःच उतरवलं. मदतीला आलेल्या भावाला तिने कोपराने बाजूला केलं.

कोरीनने फोटो बघितले ते घरी, कोट न काढता. पाच होते. पहिले तीन म्हणजे कॉफी सांडलेली. पाचव्यात शेपटी. चौथा तिने ओरेस्टला दाखवला नाही. तो दाखवायचा पहिला हक्क दुसऱ्या कुणाचा होता.

सोमवारी सकाळी चौदा नंबरची बस मर्नाच्या फाटकाशी वळली आणि थांबली. मर्ना घोडीला पाणी द्यायला बादली घेऊन बाहेर आली होती. कोरीनने दार उघडून पाकीट पुढे केलं. मर्नाने बादली ठेवली, हात पँटला पुसले.

फोटोत शेड नव्हती, नुसत्या पिवळ्या-काळ्या रेघा होत्या. त्या रेघांतून बिस्किटचं डोकं बाहेर आलं होतं, पापण्यांचे केस मोजता येतील असं. आणि पिंपाच्या कडेवर मर्नाचा उघडा हात, पंजा पूर्ण फाकलेला, शिरा वर आलेल्या, झुकलेलं पिंप मागे ढकलणारा. हे तिने केलं होतं, ते शेडमध्ये कुणालाच दिसलं नव्हतं.

बसमध्ये मुलं खिडक्यांना चिकटली होती. मर्नाने फोटो लांब धरला, मग जवळ.

"दात ओठ खाऊन काय दिसतेय मी."

"तशीच दिसतेस तू."

मर्ना हसली नाही. तिने अंगठ्याने घोडीच्या डोळ्यापाशी, फोटोला न लावता, एक गोल काढला. मग विचारलं, "हा काढायला किती वेळ लागला?"

"सेकंदाचा साठावा भाग."

मर्ना ओठ हलवत काहीतरी मोजत राहिली. बिस्किटने कुंपणावरून मान काढून फोटो हुंगला आणि तिला त्यात काही खाण्यासारखं सापडलं नाही.

"मग पाचातून तेवढा वजा कर," मर्ना म्हणाली. "बाकीचे आहेत अजून तुझ्याकडे. धाकटी घोडी मार्चात पळायला लागेल. तिसरं पिंप सोडू नकोस."

ती पाकीट कोटात घालून घरात गेली, बादली तिथेच विसरली. कोरीनने गाडी मागे घेतली. पडदा हलला, आणि आत खिळ्यावर काहीतरी टेकवून बघणाऱ्या मर्नाची पाठ दिसली. शाळेत पोचायला त्या दिवशी चार मिनिटं उशीर झाला. उशिराचं कारण लिहायच्या रकान्यात कोरीनने लिहिलं, 'अंधुक उजेड', आणि पेन तसंच धरून ती हिशेब करत बसली. साठ गुणिले पाच, तीनशे. त्यातला एक फिटला.