सखूमायच्या पाठीवर घेतलेला वर्ग

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या ड्रेसरांना पुढं इतकी वर्षं शिकवलं त्यांना तर नाहीच. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मधेच उठून जाणार नाही असं वाटलं — एवढंच.

इंग्रजांच्या काळातली गोष्ट. तापीकाठच्या आमच्या गावात लहानसा दवाखाना होता आणि मी तिथं ड्रेसर. जखम धुवायची, पट्टी बांधायची, आणि कंबर-खांदा दुखतो म्हणणाऱ्याला, तो बोट दाखवेल तिथं, तेल चोळून घरी पाठवायचं. कापूसवेचणीच्या दिवसांत बायकांची रांग लागे. आठ दिवसांनी त्याच बायका पुन्हा रांगेत. मला वाटायचं, सगळ्या कामचुकार. वाटायचं कसलं — तोंडावर म्हणायचो.

मग माझीच कंबर धरली. आता तेल कुणी चोळायचं? लपतछपत सखूमायकडे गेलो. ही आमच्या गावची मजुरी करणारी बाई. लोकांच्या आखडलेल्या पाठी मोकळ्या करायची. तेव्हाचे डॉक्टर तिला दवाखान्याच्या फाटकात पाऊल टाकू देत नसत — अडाणी बाई, कुणाचं हाड मोडेल म्हणून.

तिनं मला हातसुद्धा लावला नाही. डोक्यावर कापसाचं गाठोडं ठेवलं आणि बांधापर्यंत चालायला लावलं. स्वतः मागून अनवाणी चालत राहिली. मी वैतागलो. मला सरळ झोपवून दाबायचं सोडून हे काय? ती शांतपणे म्हणाली, "दुखस तठे पाहू नको, भाऊ. वझं कोठे पडस ते देख."

माझं ओझं डाव्या पायावर पडत होतं. ते मला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. तिला वीस पावलांत कळलं.

त्यानंतर दोन वर्षं मी तिच्याकडे शिकलो. माझा अंगठा स्वतःच्या हातात धरून ती नेमक्या जागी टेकवायची. माझं काही चुकलं की हसायची, पण कधी टाकून बोलली नाही. मी नुकतं चालायला लागलेलं मूल असावं तशी ती माझ्या मागं मागं असे. बदल्यात तिनं एकच मागितलं. "एक डाव माले फाटकना मझार बलाव, भाऊ. चोरीछुपी नई. शिकाडाले."

फाटकाच्या आत, उजळ माथ्यानं, शिकवायला — मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो होतो — यावर विश्वास ठेवाल?

नवे डॉक्टर आले. भले गृहस्थ. माझ्याकडे आलेल्या बायका रांगेत परत दिसत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं. हे इतरांनीही शिकावं म्हणून त्यांनी खांडबाऱ्याहून, धडगावहून चार ड्रेसर बोलावले. मी सखूमायला निरोप दिला. ती आली — धुतलेलं लुगडं नेसून, केस चापून बांधून. आयुष्यात पहिल्यांदा फाटकातून आत आली आणि दारात उभी राहिली.

त्याच वेळी डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे सारं शिकलात कुठं? कौतुकानं विचारलं हो. आणि मी — मी म्हणालो, अनुभवानं, साहेब. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. ही बाई कोण?

"पेशंट आहे, साहेब."

सखूमायनं माझ्याकडे पाहिलं. मग पुढं येऊन स्टुलावर बसली, पाठ आमच्याकडे केली आणि म्हणाली, "मन्ही पाठ दुखी ऱ्हायनी."

मी तिच्या डोक्यावर गाठोडं ठेवलं. तिला चालवलं. तिचेच शब्द शुद्ध मराठीत सांगितले. चौघांनी पाळीपाळीनं तिची पाठ दाबली. एकाचा अंगठा चुकला, तेव्हा ती हळूच म्हणाली, जरा खाले, भाऊ. पेशंटला आपल्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून डॉक्टर हसले. सगळे हसले. मीही हसलो.

तिनं एका शब्दानं कुणाला सांगितलं नाही. उलट माणसं माझ्याकडे पाठवायची, त्याचा हात चांगला आहे म्हणून. शिकवायचं काम कायमचं माझ्याकडे आलं. मोलगीच्या डोंगरापर्यंत माझं नाव गेलं. मला तिची माया आठवते आणि लाज वाटते, दोन्ही एकदमच.

मला इथं थांबता आलं असतं. पण खरी गोष्ट अजून राहिली आहे.

बऱ्याच वर्षांनी तिच्या सुनेनं मला घरी बोलावलं. सखूमायच्या हातांची बोटं आखडली होती, तिला भाकरीही मोडता येत नव्हती. मी जवळ बसलो, तिचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट सावकाश सोडवू लागलो. तिनं डोळे मिटले. म्हणाली, "चांगलं शिकना तू."

सून म्हणाली, कोठे शिकनात भाऊ?

तिथं डॉक्टर नव्हते. घाबरावं असं कुणीच नव्हतं. सखूमायनं डोळे उघडले होते, माझ्याकडेच पाहत होती.

मी म्हणालो, "दवाखान्यात."

तिनं हात काढून घेतला नाही.