मयतांच्या बाकावर

पहाटेची एस.टी. आमच्या फाट्यावर थांबली, तेव्हा सुमन चढेना. एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसऱ्या हाताने बाभळीची फांदी धरलेली. सव्वीस वर्षांची लेक, पण पायात बळ नाही आणि तोंडात सगळे मिळून पाच-सहा शब्द. कंडक्टर म्हणाला, "काहून नेऊन राहिल्या वं बाई तिले? घरी ठेवाले कोणी नाही का?"

"तिलेच दाखवाचं हाये," मी म्हटलं. "सरकारले ती जिती दिसली पाहिजे."

त्याला थट्टा वाटली. पण गोष्ट तशीच होती. माझे मालक गेल्यापासून मी ब्लाउज शिवते, आणि सुमनला दर महिन्याला निराधार अनुदानाची मनिऑर्डर यायची. या वर्षी नवा नियम निघाला. सगळी नावं गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या रजिस्टरशी ताडून पाहिली आणि सुमनच्या नावापुढे लिहून आलं, 'लाभार्थी मयत'. महिनाभरात नागपूरला हजर झालो नाही तर नाव कायमचं जाणार होतं. नुसत्या शिलाईवर दोघींचं पोट भरत नाही, हे मला कोणी शिकवायला नको.

नरखेडच्या बागा धुक्यात बुडाल्या होत्या. संत्र्याची झाडं दिसत नव्हती, नुसती फळं अधांतरी लटकलेली. सुमन खिडकीबाहेर बघून हसत होती. काटोलला आम्ही तर्री-पोहे (वर तिखट रस्सा घातलेले पोहे) खाल्ले. तिच्या नाकातोंडातून पाणी आलं, पण प्लेट सोडली नाही. नागपुरात उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. सायकलरिक्षापर्यंत मी एक पाय अनवाणी टाकत गेले.

कचेरीत भर दुपारी एवढी शांतता मी कुठे पाहिली नाही. शिपायाने लांब व्हरांड्याच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथल्या बाकावर पाच-सहा माणसं मुकाट बसली होती. कन्हानचा एक आंधळा म्हातारा सरकून म्हणाला, "या बाई, बसा. हा मयतांचा बाक हाये."

"म्हंजे?"

"आम्ही समदे कागदावर मेलो हावो. मी तं दोन पावसाळे झाले." मग त्याने मान आमच्याकडे वळवली. "तुमच्यासंगं दोघी हायेत का?"

"एकच हाये, बाबा. माही पोरगी."

"असन," तो म्हणाला आणि आणखी थोडा सरकला, तिघींपुरती जागा करून.

आत कारकून तरुण होता, स्वभावाने बरा. त्याने रजिस्टरची नक्कल उघडून वाचलं, "सुमन. मुलगी. वय दीड वर्ष. ताप. मयत."

शेजारून सुमन म्हणाली, "हो."

तिच्या पाच-सहा शब्दांत 'हो' नाही. त्याआधी कधी नव्हता, नंतरही मी ऐकला नाही.

मग मला सगळं सांगावं लागलं. ती दीड वर्षाची माझी पहिली लेक. ती गेली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "खूण ठेव वं. परत आली तं ओळखू येईन." मी तिच्या डाव्या खांद्यामागे काजळाचं बोट लावलं आणि मगच तिला मातीत दिलं. दोन वर्षांनी मुलगी झाली, त्याच जागी बोटाएवढा काळा डाग घेऊन. नाव तेच ठेवलं. जन्माची नोंद करायला कोणी गेलंच नाही. परत आलेल्या पोरीची दुसऱ्यांदा नोंद कशाला करायची?

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "बाई, दोनांतलं एक लिवून द्या. हीच ते असन, तं मेलेली हाये. दुसरी असन, तं जिती हाये."

बाहेर निंबाखाली एक अर्जनवीस (अर्ज लिहून देणारे) टाइपरायटर घेऊन बसले होते. त्यांनी माझं प्रतिज्ञापत्र टाइप केलं. "वळखीची खूण?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "डाव्या खांद्यामागं काळा डाग." मग त्यांनी वाचून दाखवलं: "माझी पहिली मुलगी सुमन ही वारली असून सोबतची मुलगी वेगळी आहे."

अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. ती गेली तेव्हा रडलेसुद्धा नव्हते. येणाऱ्या माणसासाठी कोण रडतं? त्या निंबाखाली मात्र मी परक्या लोकांसमोर ढसाढसा रडले. अर्जनवीस कागद धरून थांबले. मग मी सही केली.

दिवेलागणीला घरी पोचलो. मनिऑर्डर तिसऱ्या महिन्यात परत सुरू झाली आणि सुमनचं नाव जिवंतांत आलं. गावात कोणी विचारलं की मी काटोलच्या पोह्यांचं सांगते, तुटलेल्या चपलेचं सांगते.

एक मात्र कोणाला सांगितलं नाही. रोज तिला न्हाऊ घालताना मी त्या डागावर बोट टेकवायची, सव्वीस वर्षांची सवय. परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी मनाशी ठरवून हात तिकडे नेला नाही. सही केली होती, ती पाळायची होती. पाठीवर पाणी ओतलं आणि टॉवेल घ्यायला वळले. सुमनने मागे हात करून माझं मनगट धरलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी काजळ लावलेलं तेच बोट निवडलं, आणि नेमकं त्या डागावर नेऊन ठेवलं.