मध्यंतरात वाटलेलं पत्रक

जर्मनीतल्या महिलांच्या कप फायनलचा आणि अंबरपेठच्या आमच्या मराठी मंडळाचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर सरळ सांगते: मैदान. मंडळाच्या हॉलमागच्या मोकळ्या जागेत माझी धाकटी बहीण मैत्रिणींबरोबर रोज फुटबॉल खेळायची. कार्यकारिणीला तिथं पार्किंग हवं होतं. शेवटचा शब्द अध्यक्षांचा. म्हणून मी हॉलमध्येच पडद्यावर ती फायनल लावायची परवानगी काढली. मुली काय खेळतात, एकदा डोळ्यांनी बघा म्हटलं.

बघतील यावर माझा विश्वास नव्हताच. गौलीगुड्याच्या प्रेसमधून मी आधीच पत्रकं छापून आणली होती. ‘मुलींचं मैदान गिळणाऱ्या म्हाताऱ्यांनो’ अशी सुरुवात. मध्यंतरात वाटायची आणि सगळ्यांसमोर जाब विचारायचा, असा बेत. गठ्ठा बहिणीकडे दिला.

साडेसातला सामना सुरू झाला. पहिल्या रांगेत अध्यक्ष, हातात चहा. दहा मिनिटांत चहावर साय धरली.

“ही पोरगी गोल सोडून बाहेर का पळाली?”

“आजोबा, पुढं आली की समोरचीला गोल लहान दिसतो,” बहीण म्हणाली. तीही गोलकीपरच.

“तूही अशीच पळतेस?”

“हौ. परवा तुमच्या तुळशीवर पडले.”

“ती कुंडी तू फोडलीस होय!” ते खो-खो हसले. शेजारच्या खजिनदारांना म्हणाले, “गाड्या रस्त्यावर राहिल्या तर काय मरतात?”

मागं प्रोजेक्टरपाशी मी ते ऐकलं. तरी पत्रकं थांबवली नाहीत. वाटलं, गोड बोलून टाळतायत. ही माणसं अशीच टाळतात.

मध्यंतर झालं. बहिणीनं पहिलं पत्रक अध्यक्षांना दिलं, दोन्ही हातांनी, वाकून, हसत. ती मराठी बोलते, वाचत नाही. शाळा इंग्रजी, दुसरी भाषा इथली तेलुगू. हे मला माहीत होतं. मजकूर तिला वाचून दाखवावा, हे सुचलं नाही.

अध्यक्षांनी शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, तिच्याकडे बघून “छान” म्हणाले आणि चपला घालून गेले. मागोमाग खजिनदार, मग अख्खी रांग.

“ताई, काय होतं गं त्याच्यात?”

मी वाचून दाखवलं. जोरात, जसं लिहिलं होतं तसं.

“आणि मी हसत दिलं,” ती म्हणाली.

पत्रकातलं काही खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण मला त्यांचा होकार नको होता, त्यांना उघडं पाडायचं होतं. पुढच्या आठवड्यात मैदानात पार्किंगचे पांढरे पट्टे मारले. मी लगेच दुसरं पत्रक लिहिलं. वाटायला बहीण आली नाही.