वाऱ्याची पिशवी

२०१६ साल. मी सत्तावन्न वर्षांचा होतो, रिटायर व्हायला तीन वर्षं होती आणि गुडघे आधीच थकले होते. चौथी शिकलेला माणूस विमानतळावर कामाला म्हटलं की लोकांना वाटतं, हा रोज विमानातून फिरत असेल. आमचं विमानतळ तसलं नाही. अंधेरीहून समुद्राकडे निघालं की बिल्डिंगांच्या मधे एकदम गवताचं मोठं मैदान लागतं, तेच आमचं. एके काळी अख्ख्या मुंबईची विमानं इथेच उतरायची म्हणे. मग पलीकडे मोठं झालं, आणि आमच्या वाट्याला उरली हेलिकॉप्टरं, शिकाऊ पायलटांची दोन-चार छोटी विमानं, एक टॉवर, आगीचा बंब, पत्र्याची हँगरं आणि पावसाळ्यात साचणारं पाणी. मी नोकरीला लागलो तेव्हा तर विमानांपेक्षा कुत्रीच जास्त होती.

उजाडलं की धावपट्टी चालत बघायची, हे माझं काम. खडा, खिळा, मेलेली घार, काय पडलं असेल ते उचलायचं. शिवाय वाऱ्याची पिशवी सांभाळायची. साहेबलोक तिला विंडसॉक म्हणतात. खांबाच्या टोकाला कापडाची लांब नळी, दोन्ही तोंडं उघडी. वारा शिरला की फुगून आडवी होते. वारा कुठून येतो आणि किती जोरात, ते पायलटला वरून नुसत्या नजरेनं कळतं.

खाऱ्या हवेत ती पिशवी चार-सहा महिन्यांत फाटायची. त्या वर्षी फाटली आणि नवीन काही येईना. कागद वर कुठेतरी अडकला होता. आमच्या ड्यूटीवरच्या मॅडम, माझ्या मुलीच्या वयाच्या, म्हणाल्या, "काका, नवीन येईपर्यंत तात्पुरतं काहीतरी करा ना."

तात्पुरतं काम मला जमत नाही. माझा बाप कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. कापड दोन बोटांत धरून तो वजन सांगायचा. हलकं असलं की बाजूला टाकायचा. जड ते चांगलं, हे मी त्याच्याकडून शिकलो, आणि शाळेपेक्षा ते पक्कं शिकलो. मांडवाचं कापड विकतात त्या दुकानात गेलो आणि भगव्या रंगातलं सगळ्यात जाड निवडलं.

बायको दोन दुपारी मशीनवर बसली. दोनदा सुई मोडली.

"अहो, ह्याची गोणी होईल, पिशवी नाय. जरा पातळ बघा."

"तू शिव. कापडातलं मला शिकवू नको."

शिवण मात्र तिनं अशी घातली की हत्ती लटकला तरी उसवू नये. चाळीत सांगून आली, माझं शिवलेलं विमानतळावर लागणार. बायका बघायला आल्या, हात लावून गेल्या. इतक्या वर्षांत तिच्या हातच्या कामाला कुणी असं बघायला आलं नव्हतं.

पिशवी लावली. आठ दिवस गेले. बंबावरचा माझा जोडीदार रोज दुपारी डबा खायला बाजूला बसायचा. म्हणाला, "काय रे, तुझ्या पिशवीला फाशी दिली काय? नुसती लटकलीय."

"वारा नाही तर ती काय करणार?"

"वारा नाही? मग माझी टोपी काय पाय फुटून पळाली मघाशी?"

"तुझं डोकंच हलकं, टोपीला कशाला नावं ठेवतोस," मी म्हणालो आणि उठलो. पण मला ते लागलं.

त्याच दुपारी समुद्राकडून एक हेलिकॉप्टर आलं. टॉवरनं वारा सांगितला होता, पण खाली पिशवी मेल्यासारखी, म्हणून पायलटनं डोळ्यांवर भरवसा ठेवला. वारा निघाला पाठीमागून. मशीन धाडकन टेकलं. कुणाला लागलं नाही. पायलट उतरला तो तावातावानं सरळ मॅडमच्या खोलीत. मग मला बोलावणं आलं.

"काका, ते म्हणतात पिशवी चुकीची दाखवते."

"कापड कसं चुकेल, मॅडम? तुमचं यंत्र तपासा."

मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "उद्या सकाळी दोन शिकाऊ विमानं आहेत. शिकणारे एकेकटेच असतात आत. ते पिशवीच बघतात. तुम्ही इतकी वर्षं इथे आहात. ठेवू की काढू, तुम्ही सांगा."

"ठेवा," मी म्हणालो.

बाहेर आलो आणि पाय आपोआप खांबाकडे गेले. सुकं गवत मूठभर उपटलं, वर उधळलं. सगळं गवत शहराच्या बाजूला उडालं. पुन्हा उधळलं, पुन्हा तसंच. वर बघितलं तर पिशवीचं टोक जेमतेम हललं. वारा होता. त्या जाड कापडाला उचलण्याइतका नव्हता, एवढंच. बापाचं कापड अंगावर घालायचं होतं. हे कापड वाऱ्यानं उचलायचं होतं. हा फरक मला सत्तावन्नाव्या वर्षी कळला, आणि तोंडातून 'ठेवा' निघून गेलं होतं.

माघारी जाऊन सांगायला हवं होतं. नाही गेलो. सरळ घर गाठलं. बायकोनं चहा ठेवताना विचारलं, "कशी चाललीय माझी पिशवी?"

"झकास," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत उठलो आणि तिला सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकलं, केस बांधले, म्हणाली, "मग काढा ना. मला कशाला घाबरता? शिवण तर उसवली नाय ना?"

"नाही."

"मग झालं तर."

विमानं सुटायच्या आधी मी पोचलो. मॅडमच्या दारात उभा राहून म्हणालो, "कालचा माझा शब्द खोटा होता. पिशवी जड आहे." त्यांनी लगेच टॉवरला फोन लावला आणि दोन्ही विमानं थांबवायला सांगितली. जोडीदार शिडी धरायला आला होता. त्याला म्हटलं, बाजूला हो. एकटा चढलो, पिशवी सोडवली, खांद्यावर टाकून खाली आणली. मग ड्यूटीची नोंदवही मागितली. मॅडम म्हणाल्या, मी लिहिते, तुम्ही सही करा. मी पेन सोडलं नाही. वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, कापड मी निवडलं, चूक माझी, शिवणारीची नाही. आणि खाली सही केली.