बिगारीची भिंत

माझा बाप सालदार होता, वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतगडी. प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीकाठच्या एका गावात. सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं आणि आखाजीलाच नव्या मालकाकडे सुरू होतं. त्यामुळे दर आखाजीला आमचं बिऱ्हाड हलायचं. गाव तेच, पण खळ्याच्या कडेची कुडाची खोली दुसरी. आई आधी भिंती सारवायची, मग गेरू कालवून, बाभळीच्या चावलेल्या काडीने त्यांवर बैल, मोर, कणसं काढायची. साल सरलं की भिंत मालकाची. एका भिंतीवर दुसऱ्या वर्षी गेरू लावायला तिला कधी मिळालं नाही. लोक याला गरिबी म्हणतात. मी अपमान म्हणतो.

बोर्डाच्या शाळेत मी बिगारीत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, बसू लागलो. तिथली भिंत उघडी. चित्रं होती, पण हेडमास्तरांच्या पेटीत, कुलपात. डिप्टीसाहेब तपासणीला येणार त्या सकाळी ती बाहेर निघत आणि मोठ्या माणसाच्या डोक्याच्याही वर टांगली जात. का, तर पोरांचे हात मळके. आधीचे आठ दिवस हेडमास्तर रिकाम्या भिंतीवर छडी टेकवून आमच्याकडून घोकून घेत: पहिली आगबोट, दुसरा सिंह, तिसरा हत्ती.

त्या वर्षी शिपायाने घाईत चित्रं उलटसुलट टांगली. साहेबांनी पहिल्या चित्राकडे बोट केलं. तिथे हत्ती होता. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "आगबोट." मला हत्ती ठाऊक नव्हता असं नाही, यात्रेला आलेल्या साधूंच्या हत्तीमागे मी अख्खी दुपार हिंडलो होतो. तरी मीही आगबोटच म्हणालो. शाळेत आपल्या डोळ्यांनी बघायचं नसतं, एवढं मी तोवर शिकलो होतो.

साहेब गेल्यावर छडी कुणाला बसली? पाटलाच्या मुलाला नाही, दुकानदाराच्याही नाही. सालदाराच्या पोराला. त्याचा बाप विचारायला येणार नाही, हे हेडमास्तरांना पक्कं ठाऊक होतं. ती छडी मी अजून विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

पुढे नाशिकला राहून मी बी.ए. झालो. आमच्या सात पिढ्यांत कुणी सही केली नव्हती. दुसरी नोकरी मिळेपर्यंत त्याच शाळेत मास्तर म्हणून लागलो. हेडमास्तर तेच, फक्त चष्मा जाड झालेला. हसून म्हणाले, "या बी.ए.साहेब. तुम्हांला बिगारी." वरच्या वर्गांवर त्यांचे फायनल, म्हणजे सातवी, झालेले मास्तर होते. मला खाली बसवायचं होतं, बसवलं.

चित्रांची पेटी मागितली, दिली नाही. मग घरी जाऊन आईला म्हणालो, वर्गाच्या भिंतीवर चित्रं काढून दे. ती आधी कबूलच होईना.

"मन्हा हातना बैल शाळामा? लोके हासतीन."

हसू देत, मी म्हणालो. तिने जमिनीपासून हातभर वर, बसल्या पोराच्या डोळ्यांसमोर येईल असा, बैलांचा पोळा काढला. पोरांनी शेजारी आपापलं काढलं: कुणी मोट, कुणी कापसाचं बोंड, कुणी नुसते पंजे उमटवले. जी पोरं महिनाभर तोंड उघडत नव्हती, ती भिंतीपाशी भांडू लागली. गाडीला चाकं किती, मोराचं तोंड कुठे. त्यातून मी अक्षरांवर येत होतो.

तपासणीच्या आदल्या दुपारी मी जेवायला घरी गेलो, तेवढ्यात हेडमास्तरांनी भिंतीवर चुना फासला. पोरांसमोर. म्हणाले, सालदाराच्या बायकोने रंगवलेली भिंत सरकारी शाळेत शोभत नाही. परतल्यावर हे मला पोरांकडून कळलं. घरी येऊन सांगितलं, राजीनामा देतो. आई भाकर थापत होती. वर न बघता म्हणाली,

"चुना त्यास्ना, गेरू आपला. सकाये पुन्हा काढसूत."

उजाडताच ती पोरांना घेऊन भिंतीपाशी बसली. चुना खाली अजून ओला होता, तिथे गेरू धरेना. पुढच्या बैलाचा एक पाय उमटलाच नाही. शाळा भरायच्या वेळी हेडमास्तर आले, बघून लाल झाले. पुन्हा चुना लावायला वेळ नव्हता. त्यांनी वर आपली आगबोट टांगली आणि डिप्टीसाहेब दारात आले.

साहेबांनी आगबोट दाखवली. पोरं गप्प. हेडमास्तर माझ्याकडे बघून हसले. साहेबांची नजर खाली गेली. हे काय, त्यांनी विचारलं. एका सालदाराची मुलगी उठली.

"हाऊ ढवळ्या शे. मन्हा बाप हाकस. पन बैल पाटीलना शे."

"आणि याला तीनच पाय कसे गं?"

"एक गारामा रुतेल शे," ती म्हणाली, चिखलात रुतलेला पाय दिसणार कसा, एवढंही कळत नाही का अशा नजरेने.

साहेब उकिडवे बसले आणि अर्धा तास उठले नाहीत. शेरेबुकात त्यांनी लिहिलं की चित्रं मुलांच्या नजरेच्या उंचीवर असावीत आणि भिंत अशीच ठेवावी. वर हेही लिहिलं की ही कल्पकता हेडमास्तरांची. हेडमास्तर शेजारी उभे होते. त्यांनी खोडून काढलं नाही. भिंत आईची आहे हे मी बोलेपर्यंत साहेब घोड्यावर बसले होते. आईचं नाव त्या वहीत कुठेही नाही, म्हणून हे मी इथे लिहितो आहे.

पेटीतली चित्रं मात्र खाली आली, हात लागतील अशी, आणि पेटीला पुन्हा कुलूप लागलं नाही. पुढच्या वर्षी पोळ्याआधी आई शाळेत गेली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा एकाच भिंतीवर दुसऱ्या वर्षी गेरू लावला.