केवलरामची केसाळ काच

भिलाईत धूळ कोणाच्याही घरात न विचारता येते. कॅम्प-1 मधल्या एका लॅबच्या टेक्निशियनने, केवलरामने, तिच्याशी जन्माचा दावा मांडला होता. काचपट्टी तो इतकी पुसायचा की मग तिच्यावर रक्त टाकायला त्याचाच जीव धजत नसे. पट्टीवर काही वावगं दिसलं की चूक काचेची, असा त्याचा सिद्धांत. पेशंट कधीच चुकत नसे.

चरोद्याचे भैय्याजी, रेल्वेतून रिटायर झालेले, तपासणीला आले. प्लीहा फुगून पोटाची घागर झालेली. सर्जन म्हणाले होते, कारण सापडलं नाही तर सोमवारी प्लीहा काढून टाकू.

केवलरामने सूक्ष्मदर्शकात पाहिलं. पांढऱ्या पेशींच्या कडांना बारीक केस! त्याने शरमेने पट्टी फेकली. दुसरी केली, पंख्यापुढे वाळवली. केस. भैय्याजींना परत बोलावलं.

"कावून गा केवलराम, किती रक्त काढून राहिला? भट्टी चालवतो काय याच्यावर?"

"नाही जी, पहिलं खराब निघालं."

"माहं रक्त?"

"माही काच."

तिसरीवरही केस. ती त्याने ड्रॉवरमध्ये लपवली. पॅथॉलॉजिस्ट समीक्षा मॅडमनी रिपोर्ट मागितला, तेव्हा म्हणाला, "थांबा मॅडम, साफ करून राहिलो."

मॅडमनी ड्रॉवर उघडला, पट्टी लावली आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"केवलरामजी, ये गंदगी नहीं है. पेशीच केसाळ आहेत. रक्ताचा कॅन्सर आहे हा, फार क्वचित दिसतो. पण औषधाला ऐकतो."

खात्रीसाठी एक रंग-परीक्षा होती. चिंचेत असतं त्या आम्लाचं मीठ घातलं की इतर पेशी लाल रंग धरत नाहीत; या मात्र धरतात.

चिंच म्हटल्यावर केवलराम खुलला. त्याच्या घरी बायकोच्या, कौशल्येच्या चिंचेपुढे तांब्याचा एकही डाग टिकला नव्हता. त्याने पूर्ण भरवशाने परीक्षा केली. पेशी लालभडक.

"चिंचेलेही भेत नाही, मॅडम," तो दुखावून म्हणाला.

सोमवारचं ऑपरेशन रद्द झालं, औषध सुरू झालं. काही महिन्यांनी भैय्याजी सपाट पोटाने, सैल पँट एका हाताने धरून आले.

"आता तरी एका थेंबात भागव बाबू."

केवलरामने पट्टी लावली. एक केस नाही. इतकी स्वच्छ काच त्याच्या हातून आयुष्यात झाली नव्हती. तो पुन्हा पुन्हा बघत राहिला आणि त्याचा संशय वाढत गेला.

"भैय्याजी," तो शेवटी म्हणाला, "दुसरा हात द्या जी."